तरसीण आणि पळसाचा दोरा

घाटाखालच्या एका रानात, ओढ्याच्या अलीकडच्या चढावर, तरसाची एक मादी राहत असे. आपण तिला तरसीणच म्हणू. तिचा जबडा साऱ्या रानात प्रसिद्ध होता. वाघाने टाकून दिलेली सांबराच्या मांडीची नळी इतर प्राणी फार तर चाटून सोडून देत. तरसीण मात्र ती दाढेखाली धरी आणि काडकन फोडी. तो आवाज ओढ्यापलीकडे ऐकू जाई. मग कोल्हे एकमेकांना म्हणत, "बाई जेवायला बसल्या!"

आता असे समजू नका, मुलांनो, की ही तरसीण अस्वच्छ होती. गोष्टीत ज्याचे वाईट व्हायचे असते तो प्राणी बहुधा आळशी आणि घाणेरडा असतो, म्हणजे ऐकणाऱ्याला बरे वाटते की आपण काही तसे नाही. ही तशी नव्हती. रोज जेवण झाले की ती बाभळीची कोवळी काडी चावे, तिचा कुंचा करी आणि दात घासून काढी. मग ओढ्यावर जाऊन पाण्यात तोंड उघडून पाही. सुळे पांढरे दिसत. समाधानाने मान हलवून ती परत फिरे. जे पाण्यात दिसत होते ते सगळे स्वच्छ होते, यात काही खोटे नाही.

ओढ्याच्या पलीकडच्या काठावर उंबराचे मोठे झाड होते. तिथे वानरांची एक टोळी राहत असे. टोळीत एक म्हातारी वानरी होती, आणि तिचा एक नेम होता. ती पळसाची मुळी सोलून तिच्या सालीचे बारीक दोरे काढी. संध्याकाळी झोपायच्या आधी टोळीतल्या प्रत्येकाने दोरा घ्यायचा आणि एकेका दातामधून हळूच वरखाली फिरवायचा. लहान पिल्ले कुरकुर करीत, एकमेकांच्या शेपट्या ओढीत, पण म्हातारी प्रत्येकाचे तोंड उघडून बघितल्याशिवाय कुणाला आडवे होऊ देत नसे. पाऊस असो, थंडी असो, दिवसभर शेजारच्या टोळीशी भांडण झालेले असो, संध्याकाळचा दोरा चुकत नसे.

तरसिणीला या प्रकाराचे फार हसू येई. पाण्यावर आली की ती मान वर करून विचारी, "काय आजी, दातांची माळ ओवताय की काय?"

"माळ नाही, बाई," म्हातारी वरूनच उत्तर देई. ती शहाणी होती, त्यामुळे तरसिणीशी बोलताना कधी खालच्या फांदीवर येत नसे. "दोन दातांच्या मध्ये जे राहतं, ते काढतोय."

"मी रोज बाभूळ चावते. माझे दात बघा. आहेत का कुणाचे असे?"

"दात छानच आहेत. पण काडी दातावरून जाते, दातांच्या मध्ये जात नाही. तिथे जे अडकतं ते तिथेच कुजतं, आणि हिरडीला पोखरतं."

"पाला खाणाऱ्यांनी हाडं फोडणाऱ्यांना दात शिकवायचे!" असे म्हणून तरसीण खदखदून हसे आणि निघून जाई. तरसाचे हसणे तुम्ही ऐकले नसेल. ऐकणाऱ्याला ते फारसे आवडत नाही.

असे दिवस गेले. थंडी सरता सरता तरसिणीला दोन पिल्ले झाली, एक नर आणि एक मादी. चढावरच्या घळीत, दगडाच्या आडोशाला तिने त्यांना ठेवले. पिल्ले अजून नीट चालत नव्हती. डोळे उघडल्यापासून त्यांना एकच गोष्ट ओळखू येत होती, ती म्हणजे आईचे तोंड. आई शिकारीवरून परतली की दोघे धडपडत तिच्या जबड्याला येऊन भिडत. तरसीण त्यांना चाटी, मानेच्या सैल कातडीला धरून अलगद उचली आणि कुशीत ठेवी. ज्या दाढांखाली सांबराची नळी फुटत असे, त्याच जबड्यात ही पिल्ले ओरखडासुद्धा न उमटता झुलत. त्या वेळी तिच्याइतके सुखी त्या रानात कुणी नव्हते.

एके दिवशी मात्र नर पिल्लू तिच्या तोंडाजवळ आले आणि नाक मुरडून बाजूला झाले. तरसिणीला वाटले, खेळतंय. दुसऱ्या दिवशी मादी पिल्लानेही तसेच केले. तिच्या तोंडाला वास येऊ लागला होता. आपल्या तोंडाचा वास आपल्याला येत नाही, ही एक मोठीच अडचण आहे. मग उजवीकडची दाढ ठणकू लागली. तिथे कधीतरी कातड्याची एक चिवट पट्टी दोन दाढांच्या मध्ये जाऊन बसली होती, आणि तिच्यामागे आणखी बरेच काही साठले होते. तरसिणीने बाभळीची काडी दुप्पट जोराने चावली. ठणका थांबला नाही. मग तिने सोपा उपाय शोधला, आणि उजवी बाजू सोडून डावीकडून चावू लागली. डाव्या दाढांमध्येही दोरा कधी फिरला नव्हता, त्यात आता त्यांच्यावर दुप्पट काम आले.

शेवटी ठणका डोक्यापर्यंत चढला, तेव्हा ती भरदुपारी उंबराखाली येऊन उभी राहिली. आज ती हसली नाही.

"आजी, माझी दाढ दुखते आहे," ती म्हणाली.

म्हातारीने तिच्याकडे बराच वेळ पाहिले. मग विचारले, "तू जरा लांब त्या दगडापाशी जाऊन बसशील का?"

तरसीण मुकाट्याने लांब जाऊन बसली. म्हातारी उतरली, तिने ओढ्याकाठच्या दोन बांबूंना तरसिणीच्या तोंडाइतक्या उंचीवर पळसाचा दोरा ताणून बांधला, आणि ती परत वर चढली. "आता ये. तोंड उघड, दोरा दोन दाढांच्या मध्ये घे, आणि मान हळूहळू मागेपुढे कर. करवत चालवू नकोस. हलकेच."

तरसिणीने तसे केले. दोरा आत गेला, अडला, पुन्हा सरकला, आणि कातड्याची ती काळी पडलेली पट्टी बाहेर येऊन खाली पडली. तिचा वास इतका होता की तरसिणीनेच मान फिरवली. पण त्याबरोबर दोऱ्यावर रक्तही आले. दोरा लाल झाला आणि त्यावरून एक थेंब वाळूवर पडला.

तरसिणीने आयुष्यात किती रक्त पाहिले असेल, त्याची गणती नाही. पण ते सगळे दुसऱ्यांचे होते. स्वतःच्या तोंडातला तो थेंब पाहून ती झटकन मागे सरली.

"तू मला जखम केलीस!" ती ओरडली.

"जखम आधीपासूनच होती, बाई. दोऱ्याने ती फक्त दाखवली. हिरडी सुजली आहे, म्हणून रक्त येतंय. उद्या पुन्हा फिरव, परवाही फिरव. रोज थोडं थोडं. हिरडी घट्ट होईल आणि रक्त आपोआप थांबेल."

"रक्त येतं ते औषध कसलं? जे दुखतं ते पुन्हा पुन्हा करायला मी काय वेडी आहे?"

आणि तिने पंजाच्या एका फटक्यात दोरा तोडून टाकला.

म्हातारी वरून एवढेच म्हणाली, "बांबू तिथेच आहेत. दोरे माझ्याकडे आहेत. कधीही ये."

मुलांनो, पुढे जे झाले ते नीट ऐका, कारण तरसीण फसली ती इथे. पट्टी निघाल्यामुळे दोनतीन दिवसांत ठणका थांबला. तिला वाटले, दाढ बरी झाली, आणि दोरा न लावल्यामुळेच झाली! ती पुन्हा बाभूळ चावू लागली, पुन्हा पाण्यात पाहू लागली. सुळे पांढरेच होते. पण आत, जिथे पाणी दाखवत नाही आणि काडी पोहोचत नाही, तिथे हिरडी दातापासून सुटत चालली होती. हे काम फार हळू चालते आणि त्याचा आवाज होत नाही. ठणका निदान हाक तरी मारतो. सुटत चाललेली हिरडी पुष्कळदा काही बोलतच नाही. तुमच्यापैकी काहींनी आत्ता दातांवरून जीभ फिरवून पाहिली असेल. फिरवा हवी तर, पण जीभही तिथे पोहोचत नाही.

उन्हाळा चढला. ओढा बारीक झाला. चढावरचे गवत वाळून पिवळे पडले, आणि पावले टाकली तरी कुरकुरू लागले. एके दिवशी तिसऱ्या प्रहरी वारा सुटला आणि डोंगराच्या वरच्या अंगाने धूर दिसू लागला. उंबराच्या शेंड्यावरून वानरांनी 'खॅक, खॅक' असा धोक्याचा आवाज दिला. वणवा लागला होता, आणि वारा त्याला खाली, चढाच्या दिशेने आणत होता.

तरसीण घळीबाहेर आली. तिने धुराकडे पाहिले, ओढ्याकडे पाहिले, आणि तिचा जीव थोडा शांत झाला. ओढ्याची ओली वाळू काही फार दूर नव्हती. पिल्ले अजून एवढ्या लांब आपल्या पायांनी पळू शकत नव्हती, तेव्हा एकेक पिल्लू उचलून तिथे नेऊन ठेवायचे, दोन खेपांचे तर काम होते. चांगल्या जबड्याच्या कुठल्याही आईला ते जमले असते.

तिने आधी मादी पिल्लू उचलले. चार पावले गेली असेल नसेल, पिल्लाने घाबरून अंग हलवले आणि तिच्या उजव्या दाढेतून अशी कळ निघाली की तिचे तोंड आपसूक उघडले. पिल्लू खाली पडले. तिने पुन्हा उचलले. दाढ हलत होती. पिल्लाचा भार पडला की ती एका बाजूला कलंडे आणि जबडा सैल होई. पिल्लू पुन्हा पडले. मग तिने डाव्या बाजूने धरून पाहिले. एवढे दिवस सगळे चावणे त्याच बाजूने चालले होते, आणि आता त्या दाढाही हलू लागल्या होत्या. तिला ते तेव्हाच कळले.

उचलायचे, दोन पावले जायचे, पाडायचे, पुन्हा उचलायचे. कधी कपाळाने ढकलायचे, कधी पंजाने. तोंडातून रक्त वाहत होते, पण आता तिला रक्ताची भीती वाटत नव्हती. मागे घळीतून दुसऱ्या पिल्लाचे केविलवाणे ओरडणे ऐकू येत होते. ते आईला हाक मारत होते आणि आईला ते ऐकू येत होते. मला हा भाग लवकर संपवावासा वाटतो, पण तरसिणीला तो लवकर संपवता आला नाही.

अखेर मादी पिल्लू ओल्या वाळूत पोहोचले. तरसीण वळली आणि चढावरून धावत सुटली. ती घळीच्या अगदी जवळ गेली होती. पण आग तिच्या आधी पोहोचली होती. घळीच्या तोंडाशी असलेली करवंदीची जाळी पेटली होती आणि आत जायला वाट उरली नव्हती. तिने तीनही बाजूंनी प्रयत्न केला. तिच्या पाठीवरचे केस जळाले, पंजे भाजले. मग आतला आवाज थांबला.

ओढ्यापलीकडे उंबरावर सगळी टोळी बसली होती. सगळ्यांनी पाहिले. त्या संध्याकाळी वानरांच्या पिल्लांनी दोरा फिरवताना कुरकुर केली नाही.

दिवस गेले. तरसिणीच्या उजवीकडच्या दाढा एकेक करून पडल्या, मग डावीकडच्याही काही पडल्या. वाघाने टाकलेली नळी आता तिच्या कामाची नव्हती. मऊ काही मिळेल ते ती खाई, आणि न मिळाले तर उपाशी राही. काडकन आवाज रानातून नाहीसा झाला. कोल्ह्यांनी काही दिवस त्याची चर्चा केली आणि मग ते विसरून गेले. पाऊस आला, चढावर गवत उगवले, आणि घळीचे काळे झालेले तोंडही हिरवे झाले. तरसीण त्या वाटेने जाईना.

मादी पिल्लू मात्र वाढत होते. एके दिवशी खेळता खेळता तिला एक हाड सापडले. तिने ते दाढेखाली धरले, जोर लावला, आणि काडकन आवाज झाला. ओढ्यापलीकडे ऐकू गेला असेल इतका मोठा. लेक नाचत आईकडे आली, फुटलेली नळी तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "आई, यातला मऊ गर तू खा. तुला चावता येतो तो."

तरसिणीने तो खाल्ला नाही. ती उठली आणि सरळ उंबराखाली जाऊन उभी राहिली.

"आजी," ती म्हणाली, "एक दोरा द्या."

म्हातारीने फांदीवरून वाकून तिच्या तोंडाकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "बाई, तुझ्या तोंडात आता..."

"माझ्यासाठी नाही."

तेव्हा म्हातारी वानरी त्या झाडावरून खाली उतरली. लांब दगडापाशी जाऊन बस, असे तिने या वेळी म्हटले नाही. ती तरसिणीच्या अगदी समोर येऊन उभी राहिली आणि पळसाच्या दोऱ्यांची जुडी तिच्या पंजापाशी ठेवली. 'मी सांगितलं होतं,' असेही ती म्हणाली नाही. टोळीतल्या पिल्लांना रागावणारी ही म्हातारी कुठे गप्प बसायचे तेही जाणत होती.

त्या संध्याकाळी म्हातारीने दोऱ्याचे एक टोक बांबूला बांधले. दुसरे टोक तरसिणीने जमिनीवर पंजाखाली घट्ट दाबून धरले. लेकीने तोंड उघडले, दोरा दाढांच्या मध्ये घेतला, मान मागेपुढे केली आणि चटकन मागे सरली. दोऱ्यावर लालसर डाग होता.

"आई, रक्त! उद्यापासून हे नको मला."

तरसिणीने पंजा उचलला नाही. "रक्त आलं म्हणून थांबायचं नसतं, बाळा," ती म्हणाली. "मी थांबले होते."

लेकीने आईकडे पाहिले. तिला वाळूतली ती दुपार धडपणे आठवत नव्हती. पण कधीतरी आपल्या अंगाला लागून आणखी एक ऊबदार अंग झोपत असे, एवढे तिला आठवत होते. आई त्याच्याविषयी कधी बोलली नव्हती. आता ती चढाकडे, हिरव्या झालेल्या त्या घळीकडे बघत होती, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच बघत होती.

लेक पुढे आली आणि तिने दोरा पुन्हा दातांत घेतला. हलकेच, करवत न चालवता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडे रक्त आले, त्यानंतर कमी आले, आणि मग एके संध्याकाळी दोरा कोराच्या कोरा बाहेर निघाला. लेक म्हणाली, "बरं झालं, संपलं एकदाचं." तरसीण म्हणाली, "संपलं नाही. आता सवय लागली." आणि तिने दुसऱ्या दिवसासाठी नवा दोरा वेगळा काढून ठेवला.

पुढे कित्येक वर्षे, सूर्य डोंगराआड गेला की ओढ्याच्या अलीकडे एक म्हातारी तरसीण पंजाखाली दोरा धरून बसलेली दिसे. तिच्या समोर तिची लेक असे, आणि पुढे लेकीची पिल्लेही असत. वणवा पुन्हा एकदा आला. लेकीने आपली पिल्ले एकेक करून जबड्यात उचलली आणि ओल्या वाळूत नेऊन ठेवली. सगळी नेली. एकही वाटेत पडले नाही. म्हातारी तरसीण वाळूत बसून प्रत्येक पिल्लाला नाकाने हुंगत होती. शेवटचे पिल्लू पोहोचले तेव्हा ती रडली.

तात्पर्य : बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या दातांवर भरवसा ठेवू नये, दातांच्या फटीतून रोज हलक्या हाताने दोरा फिरवावा, आणि पहिल्या दिवसांतल्या रक्ताला भिऊन ती सवय सोडू नये, कारण एकदा सुटलेली हिरडी पश्चात्तापाने परत येत नाही.